पॅड प्रिंटिंग: गोल, फुगीर वस्तूंवर नाव कसं उमटतं?

पेन, स्विचची बटणं, बाटल्यांची झाकणं, घड्याळाच्या तबकड्या, खळग्यांचे गोल्फ बॉल, अशा वस्तूंवरची बारीक अक्षरं बहुतेक वेळा पॅड प्रिंटिंगची असतात.

तुमचं डिझाइन आधी स्टीलच्या किंवा फोटोपॉलिमरच्या (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या) प्लेटवर कोरलं जातं. ही कोर साधारण २५ मायक्रॉन खोल असते, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी. शाईचा कप प्लेटवरून सरकतो, कोरीत शाई भरतो आणि बाकीची शाई त्याची धार पुसून नेते. उघड्या शाईतलं थिनर, म्हणजे शाई पातळ ठेवणारं द्रावण, लगेच उडू लागतं व वरचा थर चिकट होतो. तेवढ्यात सिलिकॉनचा मऊ पॅड तिथे दाबला की शाई त्याच्यावर येते. पॅड वस्तूपर्यंत पोचेतो शाईची दुसरी बाजू चिकट होते आणि सिलिकॉनला सोडून ती वस्तूवर बसते. सगळा खेळ या सुकण्याच्या वेळेचा आहे, म्हणून एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आम्ही सावकाश उडणारं थिनर वापरतो.

पॅड टोकाला निमुळता असतो. तो मधून टेकत बाहेर पसरतो, त्यामुळे खाली हवा अडकत नाही. हवा अडकली की अक्षरात टाचणीएवढी भोकं पडतात.

आता सर्वात महत्त्वाचं: माल कोणत्या प्लास्टिकचा आहे, ते आम्हाला नक्की सांगा. एबीएस या कडक प्लास्टिकवर शाई सहज धरते. डब्यांना वापरतात त्या पीपीवर (पॉलिप्रॉपिलीनवर) मात्र ती नखानेही निघते. त्यासाठी आधी ज्योतीचा झोत किंवा प्रायमर (शाई धरायला मदत करणारा पहिला थर) द्यावा लागतो. वस्तू रोज घासली जाणार असेल तर तेही सांगा, म्हणजे हार्डनर (शाई कडक करणारं रसायन) घातलेली शाई घेता येते. ही शाई हाताला लवकर सुकलेली वाटते, पण पूर्ण पक्की व्हायला काही दिवस जातात. तोवर माल धुऊ नका.

प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट लागते. गडद वस्तूवर फिका रंग हवा असेल तर खाली पांढरा थर द्यावा लागतो. फोटोसारखं चित्र हवं असेल तर यूव्ही प्रिंटिंग (अतिनील प्रकाशाने शाई सुकवणारी छपाई) बरं. तसं आम्ही स्वतःहून सांगू. प्लेटचा खर्च एकदाच येतो, त्यामुळे नग जितके जास्त तितका दर उतरतो.

फाइल सीडीआर (कोरलड्रॉ) किंवा एआय (इलस्ट्रेटर) द्या, फॉन्ट कर्व्हमध्ये बदलून, म्हणजे अक्षरांचे आकार करून. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोतून नेमकी प्लेट होत नाही. ऑर्डरसोबत थोडे नग जादा पाठवा, मशीन सेट करायला ते लागतात.