मावळत्या सूर्यासमोरचे प्राणी : या फोटोंची पार्श्वभूमी

मावळत्या सूर्यापुढून चाललेला जिराफ, हत्तींच्या पायांखालून उठलेल्या धुळीत पेटलेली सोनेरी कड, भिगवणच्या पाण्यावरून परतणारे रोहित पक्षी (फ्लेमिंगो). असे फोटो आता इतके दिसतात, की कॅमेरा आला तेव्हापासूनच ते निघत असतील असं वाटावं. प्रत्यक्षात पहिली कित्येक दशकं सूर्याकडे तोंड करून प्राणी टिपणं फार अवघड होतं. अडचण होती रसायनाची आणि काचेची.

प्राण्याची काळी आकृती तशी लवकर आली, पण नाइलाजाने. जून 1878 मध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला एडवर्ड मायब्रिजने ओळीत मांडलेल्या 12 कॅमेऱ्यांनी धावती घोडी टिपली. ओल्या कोलोडियनची काच (तेव्हा फिल्मऐवजी रसायन चढवलेली काच वापरत) इतकी मंद, की सेकंदाच्या एवढ्याशा अंशात घोडीच्या अंगावरचं काही उमटेना. म्हणून मागे पांढरा पडदा उभारला आणि घोडी जवळजवळ सावलीसारखीच आली. त्यात भर म्हणजे त्या काळच्या काचांना निळाच प्रकाश नीट कळे, तांबडा जवळजवळ कळतच नसे. सूर्यास्त म्हणजे तर सगळा तांबडा-केशरी कारभार. 1873 मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेलने रंगद्रव्य मिसळून काचेला हिरवा-पिवळा प्रकाश दाखवला. तांबडाही टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक काचा बाजारात यायला 1906 उजाडलं.

लेन्सचं दुखणं वेगळं. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून साधारण 4 टक्के प्रकाश परततो. पाच-सहा भिंगांच्या लेन्समध्ये तो आतल्या आत फिरत राहतो आणि सूर्य समोर असला की सगळ्या फोटोवर पांढुरकं धुकं पसरतं. ‘सूर्य पाठीशी घ्या’ हा नियम घरोघरी पोचला त्याचं एक मोठं कारण हेच. 1935 मध्ये झाइस या जर्मन लेन्स कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुलाने भिंगावर पातळ थर चढवायची युक्ती शोधली. युद्धात ती लष्करी गुपित राहिली आणि नंतर सर्वसामान्यांच्या लेन्सपर्यंत आली. अनेक थरांचं कोटिंग 1971 मध्ये पेंटॅक्सच्या लेन्सवर आलं, तेव्हा सूर्याकडे लेन्स रोखायची भीती खरी कमी झाली.

दरम्यान वन्यजीव छायाचित्रण भलत्याच वाटेने पुढे गेलं होतं. जॉर्ज शिरासने अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये रात्री होडीतून फ्लॅशच्या उजेडात हरणं टिपली आणि जुलै 1906 च्या नॅशनल जिओग्राफिकने त्याचे 74 फोटो छापले. आपल्याकडे एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने संयुक्त प्रांताच्या जंगलात जनावरांच्या वाटेवर तार लावून वाघाकडूनच फ्लॅश उडवून घेतला. त्याचं पुस्तक 1927 चं. या सगळ्यांना प्राणी पूर्ण दिसायला हवा होता: पट्टे, शिंगं, डोळे. प्रकाश समोरूनच पडायचा. पाठीमागून उजेड घेऊन जनावर काळं करणं त्यांना वायाच घालवल्यासारखं वाटलं असतं.

वळण आलं ते लांब लेन्स आणि रंगीत स्लाइड (पारदर्शक रंगीत फिल्म) एकत्र आल्यावर. फिल्मवर सूर्याचा गोळा केवढा उमटेल याचा हिशेब सोपा आहे: फोकल लेंग्थला (लेन्सचा मिलिमीटरमधला आकडा) साधारण 110 ने भागायचं. 50 मिमीच्या लेन्सने तो अर्धा मिलिमीटरही भरत नाही, 500 मिमीने साडेचार मिलिमीटर होतो. चोवीस मिलिमीटर उंचीच्या चौकटीत तेवढा गोळा डोळ्यात भरतो आणि त्याच्यापुढे हरणाचं डोकं मावतं. दुसरीकडे 1935-36 ची कोडाक्रोम फिल्म अतिशय मंद, संध्याकाळी पळत्या जनावरावर निरुपयोगी. पण एक्स्पोजर (फिल्मवर किती उजेड पडू द्यायचा ते) जनावराऐवजी आकाशाचं धरलं की शटर कितीतरी पट वेगाने चालवता येतं. स्लाइडला उजेड-अंधाराचं अंतरही पाच-सहा स्टॉपच (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) पेलायचं, त्यामुळे जनावर आपोआप काळं व्हायचं. आज ज्याला आपण शैली म्हणतो तिचा जन्म या काटकसरीत आहे, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. 1990 मध्ये फुजीची व्हेल्विया ही स्लाइड फिल्म आली आणि केशरी रंग अधिकच भडक झाला.

या प्रकाराला जागा मिळाली ती आफ्रिकेत. केनियाने 1977 मध्ये शिकारीवर बंदी घातली आणि कॅमेऱ्याची सफारी वाढत गेली. बोत्स्वानात कासानेजवळ चोबे नदीवर संध्याकाळी होड्या निघतात. कोरड्या मोसमात हत्तींचे कळप पाण्यावर उतरतात, धूळ उडते आणि होडी पाण्यालगत असल्यामुळे काठावरचा हत्ती क्षितिजाच्या वर, मोकळ्या आकाशात दिसतो. ही खालची नजर नसेल तर पाठीमागची झुडपं आकृतीत मिसळतात आणि फोटो मेला.

आपल्या व्याघ्र प्रकल्पांत ही सोय नाही. सूर्य मावळेपर्यंत जिप्सी गेटबाहेर हवी, आणि ताडोबाच्या साग-बांबूत क्षितिज सापडतं कुठे? तिथे बॅकलाइट (मागून येणारा उजेड) म्हणजे उतरत्या उन्हात रस्त्यावरची धूळ आणि चितळाच्या कानाची लाल झालेली कड. काळ्या आकृतीसाठी माळरानच हवं. रेहेकुरी अभयारण्याचा काळवीट घ्या: पिळाच्या शिंगांमुळे नुसत्या बाह्यरेषेवरून ओळखू येतो, एकही तपशील लागत नाही.

डिजिटल कॅमेऱ्याने हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख) दिला, जळालेला उजेड जागच्या जागी दिसू लागला. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यात डोळ्यापुढे पडदा असतो, म्हणून सूर्य चौकटीत असताना डोळा भाजायचा धोका गेला. लांब लेन्सच्या काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून सूर्याकडे पाहणं मात्र आजही घातक आहे. सेन्सर आता 14 स्टॉपच्या आसपास पेलतात, त्यामुळे काळ्या हत्तीच्या सुरकुत्यासुद्धा नंतर वर ओढता येतात. अनेकजण ओढतात. माझ्या मते तिथेच फोटोतला सूर्य विझतो, कारण तो इतका तेजस्वी वाटतो तो हत्ती काळा आहे म्हणून. बाकी अडचणी मायब्रिजच्याच: विषुववृत्ताजवळ क्षितिजाला टेकलेला सूर्य दोन मिनिटांच्या किंचित पुढे नाहीसा होतो, आणि तेवढ्यात जनावराचे चारही पाय सुटे दिसायला हवेत.