सोलला सहकुटुंब जाताना: विमानतळावरचे तास आणि गाडीवरचं खाणं

कोरियाच्या सहलीचं बुकिंग केलेल्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मुंबई-पुण्याहून सोलला निघालेल्या बहुतेक कुटुंबांना वाटेत एकदा विमान बदलावं लागतं. ते तीन-चार तास आणि परतीच्या दिवशी सोलच्या इंचॉन विमानतळावर हाताशी असलेले दोन-तीन तास सहलीतच धरा. मुलांना विमानतळ आवडतो. कंटाळा येतो तो कुठे जायचं हे ठरलेलं नसलं की. गाडीवरच्या खाण्याचंही तसंच आहे. कुठल्या पदार्थात काय असतं हे आधी माहीत असेल, तर शाकाहारी आजी-आजोबांपासून तिखट न झेपणाऱ्या नातवंडांपर्यंत सगळ्यांना काही ना काही चाखता येतं. हॉटेल आणि व्हिसाची माहिती बुकिंगच्या कागदांत आहे, ती इथे पुन्हा देत नाही.

आतली बाजू आणि बाहेरची बाजू

विमानतळाच्या दोन बाजू असतात. सुरक्षा तपासणी आणि इमिग्रेशनच्या पलीकडे, विमानांकडची ती आतली बाजू. गावाकडची, जिथे सोडायला-घ्यायला आलेली माणसं उभी असतात, ती बाहेरची. विमान बदलणारा प्रवासी आतल्या बाजूला असतो आणि त्या देशाचा व्हिसा नसेल तर त्याला बाहेर पडता येत नाही. नियोजन फसतं ते बहुतेक वेळा इथेच.

सिंगापूरमार्गे जाणाऱ्यांनी हे नीट वाचावं. चांगी विमानतळावरचं ‘ज्वेल’ 2019 मध्ये सुरू झालं. त्याच्या छतातून 40 मीटर उंचीचा धबधबा खाली पडतो आणि मुलांनी त्याचे व्हिडिओ पाहिलेले असतात. पण ज्वेल बाहेरच्या बाजूला आहे. भारतीय पासपोर्टवर बाहेर पडायला सिंगापूरचा व्हिसा लागतो. अमेरिका, ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया अशा काही ठरावीक देशांचा वैध व्हिसा असला तर अटींसह सवलत मिळते, पण कोरियाचा व्हिसा त्या यादीत नाही. तेव्हा व्हिसा नसेल तर मुलांना ज्वेल कबूल करू नका. आतल्या बाजूलाही बघण्यासारखं बरंच आहे. टर्मिनल 3 मध्ये फुलपाखरांची दुमजली बाग आहे आणि फुकट सिनेमागृहही आहे. बागेत दिवसा जा, कारण उजेड गेला की फुलपाखरं पानांखाली बसून राहतात. टर्मिनल 1, 2 आणि 3 छोट्या रेल्वेने जोडलेले आहेत. टर्मिनल 4 ला मात्र बसने जावं लागतं. तुमचं पुढचं विमान तिथून असेल तर जाण्यासाठी वेळ हाताशी ठेवा.

दोन वेगळी तिकिटं स्वतः काढली असतील तर सामानाचा प्रश्न उभा राहतो. एकाच तिकिटावर बॅगा थेट सोलपर्यंत जातात. मुंबईला बॅगेवर लावलेल्या पट्टीवर शेवटचं ठिकाण ‘आयसीएन’ (ICN, म्हणजे इंचॉन) छापलंय का, हे काउंटर सोडण्याआधी बघा. वेगळ्या तिकिटांवर मधल्या विमानतळावर बॅग घ्यायला बाहेर पडावं लागू शकतं आणि मग व्हिसा नसेल तर पंचाईत होते.

इंचॉनला उतरल्यावर

कोरियाचं ई-अरायव्हल कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरता येतं. त्याला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नाही असं समजून बंद करा. घरच्या प्रत्येकाचं कार्ड भरा, तान्ह्या बाळाचंही. आंबे किंवा इतर ताजी फळं, मांसाचे पदार्थ सामानात नेऊ नका. ते जप्त होतात आणि दंडही होऊ शकतो. मे महिन्याच्या सुट्टीत हापूसची पेटी सोबत न्यायचा मोह होतो, पण तो टाळाच.

विमानतळाहून सोल स्टेशनला जाणारी एक्स्प्रेस रेल्वे टर्मिनल 1 वरून 43 मिनिटं घेते, टर्मिनल 2 वरून 51. तिच्यात जागा राखीव असते. सगळ्या स्टेशनांवर थांबणारी गाडी साधारण तासाभरात पोहोचवते आणि स्वस्त पडते, पण मोठ्या बॅगा आणि पेंगुळलेली मुलं बरोबर असतील तर आम्ही एक्स्प्रेसच सुचवतो. शहरात फिरायला टी-मनी कार्ड घ्या. ते चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानांत मिळतं आणि रोख पैसे देऊन भरता येतं. 6 ते 12 वर्षांच्या मुलांना कमी भाडं लागतं, पण दुकानात पासपोर्ट दाखवून त्यांच्या कार्डावर जन्मतारीख नोंदवून घेतली तरच. ती नोंदवली नाही तर कार्ड मोठ्यांचं भाडं कापत राहतं. नकाशासाठी मोबाइलवर नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप घालून ठेवा. गूगलचा नकाशा कोरियात पायी चालण्याचा रस्ता नीट दाखवत नाही.

कोरियाचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे आहे. सकाळी सातला उतरलात तर पोटाच्या हिशेबाने ते पहाटेचे साडेतीन असतात. म्हणून पहिल्या दिवशी तिखट काही खाऊ नका. केळी, दही, साधा भात एवढ्यावर दिवस काढा. बाजार दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो.

कुठल्या बाजारात जायचं

पर्यटक म्यंगदोंगच्या रात्रीच्या गाड्यांवर जातात. तिथली रोषणाई छान असते, पण गर्दीत मुलांचा हात धरून काडीला लावलेले गरम पदार्थ सांभाळणं अवघड जातं आणि दरही चढे असतात. आमचं मत स्पष्ट आहे: मुलं आणि वडीलधारे बरोबर असतील तर नामदेमुन किंवा क्वांगजांग बाजार गाठा, कामाच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास. त्या वेळी बसायला जागा मिळते आणि गाडीवरच्या बाईंना चार प्रश्न विचारायला सवड असते. नामदेमुन सोल स्टेशनपासून मेट्रोच्या 4 नंबरच्या लाइनवर पहिल्याच स्टेशनवर, होएह्यन इथे आहे. क्वांगजांग 1905 साली सुरू झालेला बाजार. सोल स्टेशनहून 1 नंबरच्या लाइनने चौथं स्टेशन, जोंगनो-5-गा. सोल्लाल आणि छुसक या कोरियन सणांना पुष्कळ दुकानं बंद असतात, म्हणून सहलीच्या तारखा त्यांच्याशी ताडून बघा.

रोख पैसे ठेवा, 1,000 आणि 5,000 वॉनच्या नोटांत. 1,000 वॉन म्हणजे साधारण 60 रुपये. चौघांनी चार प्लेट मागवू नका. एक पदार्थ एकच घ्या, चौघांनी चाखा, मग पुढच्या गाडीवर जा. रस्त्यावर कचऱ्याचे डबे फार कमी दिसतात. रिकामी काडी आणि कागदी पेला त्याच गाडीवर परत देतात.

काय चाखायचं

आपल्या माणसांना पहिल्याच घासाला ओळखीचा वाटेल असा पदार्थ म्हणजे क्वांगजांगमधलं बिंदेतोक. सालं काढलेले मूग भिजवून दगडी जात्यात ओले दळतात, त्यात मोड आणि पातीचा कांदा घालतात आणि भरपूर तेलात तळतात. हे मुगाचं जाड धिरडंच झालं, फक्त कडेने कुरकुरीत, वड्यासारखं. जातं तुमच्यासमोर फिरत असतं आणि पिवळं पीठ कडेने ओघळत असतं, मुलांना ते जवळून दाखवा. पण काही ठिकाणी पिठात डुकराचं मांस किंवा किमची (आंबवलेल्या कोबीचं तिखट लोणचं) घालतात आणि त्याच तव्यावर मांसाचे वडेही तळतात. मिश्रणात मांस नाही असं बाईंनी सांगितलं, तरी तेल तेच असतं. कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी हे लक्षात घेऊन ठरवावं.

तोकबोक्की म्हणजे तांदळाच्या पिठाच्या बोटाएवढ्या नळ्या, गोचुजांगच्या, म्हणजे मिरचीच्या लाल आंबवलेल्या वाटणाच्या, रश्शात शिजवलेल्या. रस्सा दिसायला आपल्या मिसळीच्या कटासारखा लाल, पण चव आधी गोड लागते आणि तिखट मागून येऊन जिभेवर रेंगाळतं. म्हणून मुलं पहिले दोन तुकडे आवडीने खातात आणि तिसऱ्याला रडतात. पाण्याने ते उतरत नाही, दूध लागतं. शेजारच्या दुकानातून केळ्याच्या चवीच्या दुधाची बाटली आधीच घेऊन ठेवा. या नळ्या चिवट असतात आणि गार झाल्या की घट्ट होतात. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खा तुकडा कधीही देऊ नका, घशात अडकू शकतो. गाडीवर कात्री असतेच. ‘चाल्ला जुसेयो’ म्हणा, कापून देतात. तुम्ही वाटाण्याएवढे तुकडे करून घ्या.

शाकाहाऱ्यांसाठी तोकबोक्कीची अडचण तिखटात नाही, रश्शात आहे. तो बहुधा सुक्या छोट्या मासळीच्या आणि समुद्री शेवाळाच्या पाण्यावर केलेला असतो आणि त्यात ओमुक, म्हणजे माशाच्या पिठाच्या चपट्या वड्या, शिजत असतात. शेजारी कागदी पेल्यात गरम रस्सा मोकळेपणाने देतात, तोही मासळीचाच. किमचीतही बहुधा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रस असतो. शिवाय ‘मांस नको’ म्हटलं की पुष्कळ ठिकाणी फक्त बीफचे-डुकराच्या मांसाचे तुकडे काढतात. हेम (हॅम, डुकराच्या मांसाचे तयार काप) आणि मासे त्या शब्दात धरले जात नाहीत, म्हणून प्रत्येकाचं नाव घेऊन सांगावं लागतं.

होतोकसाठी मात्र नामदेमुनलाच जा. आंबवलेल्या कणकेचा गोळा तळहातावर पसरून त्यात ब्राउन शुगर, दालचिनी आणि दाण्याचा कूट भरतात. गोळा तव्यावर पडला की मूठ लावलेल्या लोखंडी चकतीने दाबतात आणि तो पोळीएवढा होतो. आतली साखर वितळून पाक होतो. गुळपोळीतला गूळ जसा चटकतो तसाच हा, फक्त जास्त पातळ. मधोमध चावा घेतला तर पाक हनुवटीवर ओघळतो आणि भाजतो. कागदी पेल्यात उभा धरायचा, वरच्या कडेचा छोटा तुकडा तोडून वाफ जाऊ द्यायची, दोन-तीन मिनिटं थांबून वरून खाली खात यायचं. एकाला साधारण 2,000 ते 3,000 वॉन पडतात. तिथे भाज्या आणि रताळ्याच्या स्टार्चच्या शेवया भरलेलं तिखटमिठाचं होतोकही मिळतं. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या मुलाला गोड होतोक देऊ नका.

किम्बाप म्हणजे समुद्री शेवाळाच्या पापुद्र्यात गुंडाळलेला भात; त्या गुंडाळीत हेम आणि अंडं जवळपास ठरलेलं असतं. क्वांगजांगची बोटभर लांबीची छोटी किम्बाप मुख्यतः गाजर आणि पिवळ्या मुळ्याच्या लोणच्याची असते, पण तीही विचारूनच घ्या. काळसर जाड सॉसेजसारखं दिसतं ते सुनदे, त्यात रक्त भरलेलं असतं. चीजच्या काडीवर साखर भुरभुरवून देतात ती मुलांना आवडते. मागताना पूर्ण चीजची मागा, अर्ध्या काडीत बहुधा डुकराचं सॉसेज निघतं.

अगदी काटेकोर शाकाहाऱ्यांनाही निर्धास्त घेता येतील अशा गोष्टी म्हणजे भाजलेलं रताळं, भाजलेल्या चेस्टनट आणि साखरेच्या काचेसारख्या कडक पाकात बुडवलेली फळं. पहिल्या दोन थंडीतल्या. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांना त्या दिसायला लागतात, मे महिन्यात क्वचितच. माशाच्या आकाराचं, आत लाल चवळीसारख्या डाळीचं गोड सारण असलेलं बुंगोप्पांगही थंडीतलंच. नावात मासा आहे, आत नाही, पण पिठात अंडं किंवा दूध असू शकतं. पेयांत शिखे मागा, तांदूळ आणि जवाच्या मोडांचं गोड गार पाणी, मुलांना चालतं. त्याच फळीवर पांढऱ्या बाटलीत ताकासारखी दिसणारी माक्कोल्ली ठेवलेली असते. ती तांदळाची दारू आहे. मुलाच्या हातात बाटली देण्याआधी नाव विचारा.

बाजारात लागणारी वाक्यं

मांस काढून द्या: गोगी प्पे जुसेयो.
हेम काढून द्या: हेम प्पे जुसेयो.
ओमुक काढून द्या: ओमुक प्पे जुसेयो.
तिखट करू नका: आन मेप्के हे जुसेयो.
डुकराचं मांस आहे का: त्वेजिगोगी तुरोगायो?
अंडं चालेल: केरान क्वेन्चानायो.

उच्चार जमला नाही तर मोबाइलवरच्या पापागो या भाषांतराच्या अॅपमध्ये लिहून दाखवा. ‘आहे का’ विचारल्यावर गर्दीच्या वेळी घाईत मान डोलावली तर ती खात्री समजू नका. पदार्थाकडे बोट दाखवून पुन्हा विचारा.

परतीच्या दिवशी इंचॉनला

विमानाच्या चार तास आधी पोहोचा आणि तिकिटावर टर्मिनल 1 आहे की 2 ते आधी बघा. चुकलात तर मोफत बस आहे, पण वीसेक मिनिटं जातात. टर्मिनल 2 च्या पाचव्या मजल्यावर, बाहेरच्याच बाजूला, विमानं बघायची गॅलरी आहे, ती तपासणीच्या आधी उरका. तपासणीनंतर आतल्या बाजूला कोरियन परंपरेचं केंद्र आहे, तिथे परदेशी प्रवाशांना छोट्या हस्तकलेच्या वस्तू विनामूल्य करून बघता येतात. मुलांची खेळायची जागाही आतच आहे. टर्मिनल 1 मधून विमान असेल आणि गेट पलीकडच्या कॉन्कोर्समध्ये (गेटांच्या वेगळ्या इमारतीत) असेल, तर मधल्या भुयारी रेल्वेत बसल्यावर मागे येता येत नाही. खेळ, खरेदी, जेवण आधी आटोपा आणि मगच रेल्वेत बसा.

किमची आणि गोचुजांग घरी न्यायचं असेल तर ते चेक-इन बॅगेत भरा. तपासणीवर दोन्ही द्रव पदार्थांत मोजतात आणि 100 मिलीवरचा डबा केबिन बॅगेतून काढून टाकतात. किमची आंबत राहते, पाकीट फुगतं आणि फुटलं तर सगळे कपडे वासाने भरतात. म्हणून कारखान्यात बंद केलेलं छोटं पाकीटच घ्या, त्यावर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवा आणि ते बॅगेच्या मधोमध, जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवा.