कापण्याआधी वाचणारं एन्झाइम

"रामाला भाला मारा" हे वाक्य लहानपणी आपण सगळ्यांनी उलटसुलट वाचून बघितलंय, कुठूनही वाचा तेच येतं. डीएनएमध्ये पण अशी वाक्यं असतात, फक्त तिथला नियम थोडा वेगळा आहे. डीएनएच्या दोन पट्ट्या असतात, त्यांवर ए, टी, जी, सी ही चार रासायनिक अक्षरं ओळीने असतात, एकीवर ए असेल तर समोर टी आणि जी असेल तर समोर सी, हे ठरलेलं. आता एका पट्टीवर जी-ए-ए-टी-टी-सी असं असेल तर समोरची पट्टी लिहा आणि ती उलट्या बाजूने वाचा, कागद घेऊन खरंच करून बघा, तिथे पण जी-ए-ए-टी-टी-सीच येतं!

ई-कोलाय बॅक्टेरियाच्या एका जातीत इकोआरवन नावाचं एन्झाइम, म्हणजे पेशीत एक ठरावीक काम करणारं प्रथिन, सापडलं, ते ही सहा अक्षरं शोधतं आणि सापडली की तिथे दोन्ही पट्ट्या कापतं. पाच जुळली आणि सहावं चुकलं तर ते सहसा हात लावत नाही. मला तर त्याच्या कापण्यापेक्षा हे ओळखणंच जास्त भारी वाटतं, कारण पुढचे सगळे उपयोग त्यातूनच आलेत.

बॅक्टेरियाला हे कशाला लागतं? तर त्यांना पण व्हायरस छळतात, फाज म्हणतात त्यांना, ते आपला डीएनए बॅक्टेरियाच्या आत सोडतात आणि बॅक्टेरिया तो कापून टाकतो. मग स्वतःचा डीएनए का नाही कापला जात, त्यात पण ती सहा अक्षरं असणारच ना? तर बॅक्टेरिया स्वतःच्या त्या जागांवर मिथाइल नावाच्या छोट्या रासायनिक गटाचा ठिपका लावून ठेवतो, एन्झाइमला तिथे नीट बसता येत नाही. स्वित्झर्लंडच्या वर्नर आर्बरने 1960 च्या दशकात ही भानगड उलगडली.

पण ठरलेल्या जागीच कापणारं एन्झाइम हातात आलं 1970 साली, अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्समध्ये. हॅमिल्टन स्मिथ आणि केंट विल्कॉक्स हिमोफिलस नावाच्या बॅक्टेरियावर काम करत होते, त्यांनी त्या बॅक्टेरियाच्या रसात एकदा त्याचाच डीएनए टाकला आणि एकदा फाजचा. डीएनएचे धागे लांब असतात म्हणून त्याचं पाणी पाकासारखं घट्ट असतं, धागे तुटले की ते पातळ होतं. स्वतःचा डीएनए तसाच घट्ट राहिला, फाजचा मात्र पातळ होत गेला! नुसता घट्टपणा मोजून केवढी मोठी गोष्ट कळली बघा. पुढच्याच वर्षी तिथल्याच डॅनियल नेथन्स आणि कॅथलीन डॅना यांनी एसव्ही40 या व्हायरसच्या डीएनएचे याच एन्झाइमने 11 तुकडे केले आणि जेलवर, म्हणजे जेलीसारख्या थरातून विजेने ओढून, लांबीप्रमाणे वेगळे करून दाखवले. आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना 1978 चं नोबेल मिळालं.

इकोआरवन सरळ कापत नाही, दोन पट्ट्यांवर थोडं मागेपुढे कापतं, त्यामुळे टोकाला चार अक्षरं मोकळी लोंबत राहतात, त्यांना चिकट टोकं म्हणतात. बेडकाचा डीएनए असो की बॅक्टेरियाचा, एकाच एन्झाइमने कापला की टोकं जुळतात, मग लायगेज नावाचं दुसरं एन्झाइम टाकून सांधा पक्का करायचा. बॅक्टेरियात बसवलेल्या जीनपासून बनवलेलं माणसाचं इन्सुलिन 1982 साली अमेरिकेत मंजूर झालं, ते याच जोडकामातून, त्याआधी गायी आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेलं वापरायचे.

मला मात्र खरं सांगायचंय ते सिकलसेलबद्दल, कारण विदर्भात आणि नंदुरबारकडे कितीतरी घरांमध्ये हा आजार आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जीनमध्ये एका जागी ए च्या ऐवजी टी येतो, बस्स एवढंच, आणि लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. योगायोग असा की नेमक्या त्याच जागेवर एमएसटी-टू नावाच्या एन्झाइमची खूण आहे, सी-सी-टी, मग कुठलंही एक अक्षर, मग ए-जी-जी. निरोगी जीनमध्ये ते तिथे कापतं आणि 1,150 अक्षरांचा तुकडा मिळतो. सिकलच्या जीनमध्ये त्या खुणेतला ए च गेलेला असतो, एन्झाइमला खूण सापडत नाही, कापलं जात नाही, तुकडा 1,350 चा राहतो. जेलवर लहान तुकडा पुढे पळतो, मोठा मागे राहतो. एकच पट्टा, म्हणजे तुकड्यांची रेघ, पुढे असेल तर निरोगी, एकच मागे असेल तर आजार, आणि दोन्ही दिसले तर वाहक, म्हणजे एक जीन चांगला आणि एक सिकलचा.

मोठ्या माणसाची तपासणी साध्या रक्तातल्या हिमोग्लोबिनवरून होते, त्याला डीएनए कापायची गरज नाही. पण आईबाबा दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते, आणि पोटातल्या बाळाच्या रक्तात मुख्यतः वेगळं हिमोग्लोबिन असतं ज्यात बीटा साखळी नसतेच, मग रक्तावरून कसं कळणार? डीएनए मात्र पहिल्या दिवसापासून तोच असतो. म्हणून वारेचा अगदी छोटा नमुना घेऊन त्यातला डीएनए तपासतात, आता त्यासाठी पीसीआरसारख्या (डीएनएच्या हव्या त्या भागाच्या भरपूर प्रती काढणाऱ्या) आणखी सोप्या पद्धती आल्यात, पण एका अक्षराचा फरक आधी डोळ्यांनी दिसला तो अशा एन्झाइमांनी न कापल्यामुळे.