अमेरिकी बार्बेक्यू: आग किती लांब, त्यावर सगळं

आपल्याकडे बार्बेक्यू म्हटलं की सळईला टोचलेलं चिकन-पनीर आणि खाली रसरसलेला कोळसा डोळ्यांपुढे येतो. अमेरिकेच्या दक्षिणेत त्याला नुसतं ‘ग्रिलिंग’ म्हणतात. तिथला खरा बार्बेक्यू म्हणजे जनावराचा चिवट, स्वस्तातला भाग लाकडाच्या आचेवर आणि धुरात तासन्‌तास शिजवणं. रात्रभर जागून आग सांभाळण्याचं हे काम पिढ्यान्‌पिढ्या कृष्णवर्णीय गुलामांच्या गळ्यात पडलं होतं. आज ज्या कसबाचं एवढं कौतुक होतं, त्यातलं बरंचसं त्यांच्या हातचं आहे.

टेक्सास, कॅरोलिना, मेम्फिस, कॅन्सस सिटी या घराण्यांचं आपसातलं भांडण बहुतेक वेळा सॉसवर येऊन थांबतं. व्हिनेगरचा की टोमॅटोचा, की मोहरीचा? मला सॉस हा शेवटचा मुद्दा वाटतो. आधी दोन गोष्टी विचाराव्यात: जनावराचा कुठला भाग आहे, आणि आग त्याच्यापासून किती लांब आहे? एवढं कळलं की सॉसचा बराचसा अंदाज आपोआप येतो.

मध्य टेक्सासमध्ये भाग ठरलेला: ब्रिस्केट, म्हणजे बीफचा छातीकडचा तुकडा. गुराढोरांना कॉलरबोन नसतं, त्यामुळे पुढच्या धडाचा मोठा भार छातीचे स्नायू पेलतात. अशा राबणाऱ्या स्नायूत कोलॅजन हे चिवट प्रथिन भरपूर. घाईत शिजवलं तर तुकडा चपलेसारखा होतो. पण आतलं तापमान 70 अंश सेल्सिअसच्या पुढे गेलं आणि तिथे बराच वेळ राहिलं, तर कोलॅजन विरघळून त्याचं जिलेटिन होतं. वितळलेली चरबी आणि हे जिलेटिन मिळून मांस ओलसर लागतं, खरं तर त्यातलं पाणी बरंच उडून गेलेलं असतं. म्हणून पिटमास्टर, म्हणजे भट्टी सांभाळणारे उस्ताद, ब्रिस्केट थेट 93-95 अंशांपर्यंत नेतात. स्टेक या तापमानाला नेला तर खाणारा उठून जाईल.

या प्रवासात एक विचित्र मुक्काम येतो. भट्टीत 110 ते 130 अंश असतात, मांस छान तापत जातं आणि साधारण 65-70 अंशांवर तापमापकाचा काटा अडतो. तासन्‌तास हलत नाही. याला तिथे ‘स्टॉल’ म्हणतात. नवखे लोक इथे घाबरून आग वाढवतात. पूर्वी समजूत अशी होती की सगळी उष्णता कोलॅजन किंवा चरबी वितळवण्यात खर्ची पडते. ग्रेग ब्लॉन्डर या भौतिकशास्त्रज्ञाने ती तपासून पाहिली. त्याने पाण्यात भिजवलेला स्पंज तापवला, तर तोही मध्येच अडला. निव्वळ चरबीचा गोळा मात्र न अडता तापत गेला. म्हणजे कारण बाष्पीभवन: मातीच्या माठातलं पाणी ज्या कारणाने गार राहतं, तेच. पृष्ठभागावरचं पाणी उडताना जेवढी उष्णता घेऊन जातं, तेवढीच बाहेरून येत असते. पृष्ठभाग सुकला की काटा पुन्हा चढू लागतो. घाई असेल तर तुकडा फॉइलमध्ये गुंडाळतात, वाफ कोंडली की स्टॉल संपतो. पण त्या वाफेत वरची काळी, खमंग साल मऊ पडते. ही साल म्हणजे ‘बार्क’: मीठ, मिरी, प्रथिनं आणि धूर यांचा सुकून घट्ट झालेला थर. मधला मार्ग म्हणून बरेच जण खाटकाचा जाड कागद वापरतात, त्यातून थोडी वाफ निसटते.

टेक्सासची ही पद्धत जर्मन आणि चेक स्थलांतरित खाटकांच्या दुकानांत वाढली. न विकलेलं मांस धुरावायचं आणि कागदावर तोलून द्यायचं, असा मामला. लॉकहार्ट गावातलं क्रॉइत्झ मार्केट 1900 सालचं. तिथे कित्येक वर्षं सॉस तर नाहीच, खायला काटा-चमचाही मिळत नसे. 1999 मध्ये ते चालवणाऱ्या घरातल्या भावाबहिणीत वाद झाला. नाव भावाकडे, जुनी इमारत बहिणीकडे. भाऊ नव्या जागी गेला तो जुन्या भट्टीतले निखारे टबात घालून, रस्त्याने ओढत. बहिणीने जुन्या जागी ‘स्मिटीज’ चालू ठेवलं. तिथे आजही विटांच्या लांब भट्टीच्या तोंडाशी, उघड्या फरशीवर लाकडं जळत असतात. गिऱ्हाइकांची रांग त्या जाळाजवळून सरकते आणि चिमणीच्या ओढीने धूर व उष्णता मांसावरून आडवी जाते. आग बाजूला, मांस दूर. चव लाकडाच्या धुराची, त्यामुळे मीठ-मिरीपलीकडे काही लागतच नाही.

धुराविषयीही एक गैरसमज आहे. कापलेल्या ब्रिस्केटच्या कडेला दिसणारं गुलाबी कडं पाहून लोक खूश होतात. ते ज्वलनातल्या नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड या वायूंचं काम. ते मांसातल्या मायोग्लोबिन या लाल रंगाच्या प्रथिनाला चिकटतात आणि तो रंग टिकवतात. कड्याला स्वतःची चव नाही. गॅसच्या ओव्हनमध्ये, धुराचा मागमूस नसतानाही, मांस कडेने गुलाबी होऊ शकतं. खरी चव येते लाकडाला टणकपणा देणाऱ्या लिग्निन या घटकापासून. ते जळताना ग्वायकॉल आणि सिरिंगॉल ही संयुगं सुटतात. आग नीट पेटलेली असेल तर धूर पातळ, निळसर दिसतो. कोंदलेल्या आगीचा दाट पांढरा धूर मांस कडवट करतो. मध्य टेक्सासात पोस्ट ओक या ओकच्या जातीचं लाकूड जाळतात, पश्चिमेकडे मेस्किट. हे मेस्किट म्हणजे आपल्या माळरानावर माजलेल्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंड. त्याचा धूर उग्र असतो, बारा तासांच्या कामाला झेपत नाही.

आता उत्तर कॅरोलिनाच्या पूर्व भागात या. इथे अख्खं डुक्कर आणि आग थेट खाली. लाकडं वेगळी जाळून निखारे करतात आणि ते फावड्याने भट्टीत पसरतात. चरबी निखाऱ्यांवर ठिबकते, चर्र होऊन वाफाळते आणि तोच वास पुन्हा मांसात मुरतो. एडन गावातलं स्कायलाइट इन हे खानावळ 1947 पासून हे करतंय. अख्ख्या जनावरात पाठीचा भाग कोरडा, पोट चरबट, म्हणून सगळं एकत्र खिमतात. कुरकुरीत कातडीही त्यातच. एवढ्या चरबीवर उतारा काय? व्हिनेगर आणि मिरची. साखर नसलेला हा पातळ सॉस आचेवरही जळत नाही. पश्चिमेला लेक्सिंग्टनमध्ये फक्त खांदा शिजवतात आणि सॉसमध्ये थोडं केचप जातं. एवढ्या फरकावरून दोन्हीकडचे लोक एकमेकांना नावं ठेवतात. दक्षिण कॅरोलिनात मोहरी, तिचं श्रेय सहसा जर्मन वसाहतकऱ्यांना देतात.

कॅन्सस सिटीचा दाट, गोड सॉस उलट टोकाचा. साखर मोठ्या आचेवर करपते, म्हणून तो शेवटी किंवा ताटातच यायला हवा. या शहराचं वेड हेन्री पेरी या कृष्णवर्णीय माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लावलं. त्याच परंपरेतल्या आर्थर ब्रायंट्स या खानावळीत ब्रिस्केटच्या करपट कडा गिऱ्हाइकांना फुकट मिळत. आज त्यांनाच ‘बर्न्ट एंड्स’ म्हणून चांगला भाव आहे. मेम्फिसच्या रांदेव्हू या खानावळीत (1948) रिब्ज, म्हणजे बरगड्या, लोणारी कोळशावर भाजून वर सुका मसाला भुरभुरवतात. धुराच्या शोधात असाल तर हे ठिकाण तुमचं नाही, मसाला मात्र झकास.

बीफ आणि पोर्क दोन्ही चालत नसेल, तर केंटकीतलं ओवेन्सबरो गाठा. तिथे बार्बेक्यू मेंढीचा, तोही वयस्कर मेंढीचा. मेंढीचा वास तिच्या चरबीतल्या खास मेदाम्लांचा असतो आणि वयाबरोबर तो वाढतो. म्हणून हिकरी या झाडाच्या लाकडाच्या धुरासोबत वूस्टरशर सॉसचं काळं, आंबट पाणी वापरतात. तिथल्या मूनलाइट बार-बी-क्यू इन या खानावळीत बुफे असतो. बाजूला बर्गू नावाचं दाट कालवण असतं, त्यातही मटण असतं.