पुढच्या ॲक्सलचा जोड आणि व्हॅक्यूमवरचा उडालेला भरवसा

जुन्या जीप चेरोकीच्या किंवा चौकोनी दिव्यांच्या जीप रँग्लरच्या पुढच्या डिफरन्शियलवर (दोन चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरांच्या पेटीवर) काम काढलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. पुढचा ॲक्सल जोडायची-सोडवायची कारखान्याने दिलेली व्हॅक्यूमची, म्हणजे इंजिनाच्या शोषणावर चालणारी, व्यवस्था नीट करून ठेवायची, तिच्या जागी केबल टाकायची, की दोन तुकड्यांचा शाफ्ट काढून अखंड शाफ्ट बसवायचा आणि विषयच संपवायचा? तिन्ही बाजूंचे लोक आपापल्या मतावर ठाम असतात. हा वाद १९८४ च्या मॉडेलपासूनचा आहे, त्यामुळे त्याआधीचा इतिहास इथे थोडक्यात उरकतो. डिफ-लॉकचा (दोन्ही चाकं सक्तीने सारखी फिरवणाऱ्या कुलपाचा) इथे संबंध नाही, हेही आधीच सांगितलेलं बरं. फोर-व्हीलचा दांडा ओढल्यावर पुढच्या चाकांपर्यंत जोर पोचतो की नाही, एवढाच मुद्दा आहे.

युद्धकाळातल्या जीपमध्ये पुढची चाकं ॲक्सलपासून सोडवायची सोय नव्हती. ट्रान्सफर केस (पुढे-मागे जोर वाटणारा गिअरबॉक्स) टू-व्हीलवर टाकली की इंजिनाचा जोर पुढे जायचा थांबे, पण रस्त्यावर फिरणारी चाकंच हाफ शाफ्ट (चाकांकडे जाणारे दांडे), क्राउन-पिनियन (डिफरन्शियलची मुख्य गिअरजोडी) आणि पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलपर्यंतचा दांडा) फिरवत राहत. लष्कराला त्याचं काही वाटलं नाही. युद्धानंतर त्याच गाड्या नागरी मालकांकडे आणि डांबरी रस्त्यांवर आल्या, तेव्हा आवाज, झीज आणि पेट्रोल यांचा हिशोब सुरू झाला. १९४८ पासून अमेरिकेत हाताने फिरवायची लॉकिंग हब (चाकाच्या मधोमध बसून चाक ॲक्सलला जोडणारे-सोडवणारे जोड) मिळू लागली. आपल्याकडे मुंबईत १९४० च्या दशकाच्या अखेरीला जीपची जुळणी सुरू झाली, पुढे जिप्सी आली, आणि चिखलात उतरून चाकाच्या मधली चकती फिरवणं इथल्या ड्रायव्हरांच्याही अंगवळणी पडलं. अशा हबमध्ये बिघडण्यासारखं फार काही नसतं. माणसाला खाली उतरावं लागतं, हाच काय तो दोष.

हाच दोष पुढे महागात पडला. १९७३ मध्ये कायम चारही चाकं चालवणाऱ्या व्यवस्था बाजारात आल्या आणि त्याच वर्षी तेलाचं संकट उभं राहिलं. १९७९ पासून अमेरिकेत हलक्या ट्रकांनाही सरासरी इंधनवापराचे नियम लागू झाले. कायम फोर-व्हील परवडेना, आणि नवा शहरी गिऱ्हाईक हबसाठी बूट खराब करायला तयार नव्हता. आपोआप लागणारी हब आली, पण ती सुटण्यासाठी गाडी थोडी मागे घ्यावी लागे आणि अवघड जागी त्यांच्यावर विसंबायला जुनी मंडळी राजी नसत.

या पेचातून १९८४ च्या चेरोकीतली रचना निघाली. डाना ३० ॲक्सलचा उजवा, म्हणजे लांब बाजूचा शाफ्ट दोन तुकड्यांत केला. आतला तुकडा डिफरन्शियलच्या साइड गिअरमध्ये, बाहेरचा चाकाकडे. दोघांच्या टोकांना स्प्लाइन (लांबट दाते) आणि त्यांवर सरकणारी एक कॉलर (कडं). कॉलरला सरकवणारा फोर्क, फोर्कला व्हॅक्यूमची छोटी मोटर. मोटरला व्हॅक्यूम इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून (हवा आत घेणाऱ्या नळकांड्यातून), ट्रान्सफर केसवरच्या स्विचमार्गे. १९८७ च्या रँग्लरनेही हेच घेतलं.

कागदावर ही रचना देखणी आहे आणि तिचं कौतुक करायलाच हवं. टू-व्हीलमध्ये कॉलर सुटलेली असते. डावं चाक आपल्या साइड गिअरला फिरवतं, मधले छोटे गिअर, म्हणजे स्टार पिनियन, जागच्या जागी गरगरतात आणि उजव्या बाजूचा आतला तुकडा उलट्या दिशेने तेवढ्याच वेगाने फिरतो. क्राउन मात्र स्थिर राहतं, म्हणून पिनियन स्थिर आणि प्रॉपेलर शाफ्टही स्थिर. एका बाजूचा जोड सोडून अख्खी पुढची लाइन झोपवायची, अशी ही युक्ती. फोर-व्हील टाकताना आधी ट्रान्सफर केसमधला सिंक्रोनायझर प्रॉपेलर शाफ्टला वेगात आणतो, क्राउन फिरू लागतं, आतल्या तुकड्याचा उलटा वेग उतरत उतरत सुलटा होतो, आणि तो चाकाच्या वेगाशी जुळला की कॉलर अलगद सरकते. चालत्या गाडीत, सीटवर बसून.

पण ज्या गुणामुळे हे जमतं, तोच गुण घात करतो. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं, आणि एका बाजूला अडवणारं काहीच नसेल तर दुसऱ्या बाजूलाही काही मिळत नाही. कॉलर लागली नाही की सगळा जोर त्या मोकळ्या आतल्या तुकड्यात जातो. तो जागेवर गरगरतो आणि पुढची दोन्ही चाकं ढिम्म राहतात. एका बाजूचं हब बिघडलं तरी परिणाम हाच असतो, हे खरं. पण हब डोळ्यांसमोर असतं, हाताने फिरवून बघता येतं. इथे दांडा फोर-व्हीलवर असतो, प्रॉपेलर शाफ्ट फिरत असतो, आणि दोष ॲक्सलच्या नळीत लपलेला असतो.

इथूनच वादाला तोंड फुटतं. व्हॅक्यूम निवडला तो का? बाजू घेणारे सांगतात की पेट्रोल इंजिनात तो फुकट मिळतो, तारा-रिले लागत नाहीत, आणि दोन हबांऐवजी एकच मोटर पुरते. त्या काळच्या खर्चाच्या हिशोबात हे पटण्यासारखं आहे. पण चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम पडतो, म्हणजे गरज सर्वांत जास्त असते तेव्हा ओढ सर्वांत कमी. शिवाय मॅनिफोल्डपासून कॉलरपर्यंतची साखळी लांब. इंजिनाच्या उष्णतेने नळ्या कडक होऊन तडकतात, खाली लोंबणाऱ्या नळ्या झुडपांत अडकून निघतात, स्विच गळतो, मोटरचा पडदा फाटतो, फोर्कच्या टोकाचे प्लास्टिकचे तुकडे झिजतात, थंडीत घट्ट झालेलं गिअर ऑइल कॉलरला सरकू देत नाही. प्रत्येक दोष किरकोळ आहे, पण सगळ्यांचा परिणाम एकच.

माझ्या मते या निर्णयाचं खरं वर्म व्हॅक्यूमपेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. बिघाड झाला तर जोड कुठल्या बाजूला पडावा, हे ठरवलंच गेलं नाही. लावायलाही व्हॅक्यूम, सोडवायलाही व्हॅक्यूम; नळी फाटली की कॉलर जिथे असेल तिथे. आणि ती बहुतेक वेळा सुटलेलीच असणार, कारण गाडी बहुतेक वेळ टू-व्हीलमध्येच चालते. पुढे २००४ च्या फोर्ड एफ-१५० पिकअपमध्ये चाकांपाशी याच्या नेमकं उलट तर्क वापरला गेला. तिथे व्हॅक्यूम जोड सोडवून धरतो आणि तो गेला की स्प्रिंग जोड लावते. त्या रचनेलाही रडणारे आहेत, कारण अर्धवट व्हॅक्यूममध्ये दात अर्धवट लागून खरखरतात. तरीही नळी पूर्ण तुटली तर गाडी चिखलातून बाहेर येते. वीस वर्षांच्या अंतराने का होईना, कुणीतरी प्रश्न योग्य विचारला.

इतर कारखान्यांनी आपापले प्रयोग केले. शेव्हरोलेच्या एस-१० पिकअपमध्ये व्हॅक्यूमची मोटर बॅटरीच्या ट्रेखाली बसवली आणि तिथून केबलने डिफरन्शियलपर्यंत ओढ नेली. बॅटरीचं ॲसिड खाली ठिबकलं की मोटर खलास. वर ट्रान्सफर केसचा स्विच गळू लागला की तेल व्हॅक्यूमच्या नळ्यांत शोषलं जाऊन पार एसीच्या कंट्रोलपर्यंत जाई. त्याच कंपनीच्या १९८८ च्या के-१५०० पिकअपमध्ये तर उष्णतेवर चालणारा ॲक्चुएटर (जोड सरकवणारा भाग) दिला. वीज आतला हीटर तापवणार, माध्यम फुगणार, दट्ट्या बाहेर येणार. बर्फातल्या सकाळी हे सगळं व्हायला जो वेळ लागे, त्यावर त्या गाड्यांचे मालक अजून बोलतात. पुढे तिथे विजेची मोटर आली, आणि जुन्या गाड्यांतही लोकांनी तीच बसवून घेतली.

चेरोकीत ही रचना १९९१ च्या आसपासपर्यंत राहिली. तोवर जीप बनवणारी कंपनी एका मोठ्या कंपनीच्या हाती गेली होती, आणि नव्या मालकाने अखंड शाफ्ट देऊन टाकला. रँग्लरने १९९५ पर्यंत दोन तुकडेच वापरले, १९९७ च्या मॉडेलपासून सोडले. म्हणजे जो बदल लोक गॅरेजात करत होते तोच कारखान्याने केला. प्रॉपेलर शाफ्ट कायम फिरत राहू लागला, आणि इंधनात पडलेला फरक बहुतेक मालकांना जाणवलाही नाही. यात नवल नाही, कारण जोड सोडलेला असतानाही दोन्ही हाफ शाफ्ट, साइड गिअर आणि स्टार पिनियन फिरतच होते. थांबत होतं ते फक्त क्राउन-पिनियन आणि प्रॉपेलर शाफ्ट.

जुन्या गाड्यांसाठी मग तीन वाटा रूढ झाल्या. पहिली फुकटची: मोटरच्या घराचे चार बोल्ट काढायचे, फोर्क लागलेल्या स्थितीत सरकवायचा आणि क्लॅम्प किंवा वॉशर घालून तिथेच अडकवायचा. रानात अडकलेल्यांनी याहून सोपं केलं. मॅनिफोल्डची नळी थेट मोटरच्या लावणाऱ्या तोंडाला जोडली, दुसरं तोंड बुजवलं आणि स्विच वगळून टाकला.

दुसरी वाट केबलची. मोटर काढून तिच्या जागी केबलचं झाकण बसतं, डॅशबोर्डखाली ओढायची मूठ येते. यात एक फायदा असा मिळतो जो कारखान्याने कधीच दिला नव्हता. ट्रान्सफर केस लो-रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ओढ) आणि पुढचा ॲक्सल सुटलेला, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर लो-गिअर. कोरड्या जागेत ट्रेलर मागे घेताना किंवा अरुंद वळणावर त्याची किंमत कळते. मूठ लगेच बसली नाही तर गाडी जरा पुढे-मागे करावी लागते, केबलला पाण्यापासून जपावं लागतं, आणि ती सायलेन्सरच्या पाइपाला टेकली तर वितळते. एवढं सांभाळलं तर मला हीच वाट सर्वांत शहाणपणाची वाटते.

तिसरी वाट अखंड शाफ्टची. नंतरच्या चेरोकीचा उजवा शाफ्ट जुन्या ॲक्सलमध्ये बसतो. १९९५ नंतरचा घेतला तर युजे क्रॉसही (शाफ्टच्या सांध्यातली चौफुलीही) मोठा मिळतो, म्हणून भंगारवाल्याकडे लोक तोच शोधतात. पण तो शोधताना सीलचा विसर पडतो. जुन्या रचनेतलं सील दोन तुकड्यांच्या शाफ्टसाठी असतं. शाफ्ट बदलला की योग्य सील डिफरन्शियलच्या बाजूला बसवावं लागतं आणि मोटरच्या जागेवर पत्र्याचं झाकण लावावं लागतं. त्यासाठी डिफरन्शियलचं पोट उघडून आतला केज (गिअर धरणारा सांगाडा) बाहेर काढावा लागतो. दुपारभराचं काम समजून सुरू केलेल्या अनेकांची गाडी रविवारीही स्टँडवरच असते. आणि गाडी उंच केलेली असेल तर आणखी एक गोष्ट निघते. आजवर झोपलेला प्रॉपेलर शाफ्ट आता तिरक्या कोनात कायम फिरू लागतो आणि वेगात थरथर जाणवते. ती शाफ्टची नसते, उंचीची असते. जोड सुटलेला असायचा म्हणून इतके दिवस ती लपली होती.

कुठलीही वाट धरण्याआधीची तपासणी एकच आहे. मागची चाकं जमिनीवर ठेवून त्यांना अडण्या लावायच्या, पुढची दोन्ही स्टँडवर उचलायची, ट्रान्सफर केस फोर-व्हीलमध्ये आणि इंजिन बंद. उजवं चाक हाताने फिरवलं की डावं उलटं फिरलं पाहिजे. उजवं फिरतंय आणि डावं हलत नाही, तर कॉलर लागलेली नाही. डॅशबोर्डवरच्या फोर-व्हीलच्या दिव्यावर विसंबून सुटे भाग मागवणाऱ्यांनी हे आधी करावं.

एवढं सगळं होऊनही ही रचना परत आली. अवजड रॅम पिकअपमध्ये २०१३ च्या सुमारास, आणि रँग्लरमध्ये २०१८ च्या नव्या पिढीत. कारण पुन्हा इंधन आणि उत्सर्जनाचे आकडे. एका गाडीमागे नगण्य वाटणारी बचत लाखो गाड्यांच्या सरासरीत कंपनीला मोलाची ठरते. ग्राहकाला तिचा किती लाभ होतो, हा भाग निराळा. या वेळी फोर्क विजेची मोटर हलवते. आपल्याकडे २०२० च्या थारमध्येही पुढच्या ॲक्सलला विजेवर चालणारा असाच सुटणारा जोड आला. जिम्नी मात्र अजून हबपाशी व्हॅक्यूमवर आहे, आणि तिच्या जुन्या पिढीच्या मालकांनी जगभर हाताने फिरवायची हब बसवून घेतली आहेत.

विजेमुळे नळ्या तडकण्याचा प्रश्न मिटला, पण कॉलर, फोर्क आणि दोन तुकडे तसेच राहिले. आता त्यात कनेक्टरमध्ये शिरणारं पाणी आणि संगणकाच्या चुकांचे कोड यांची भर पडली. म्हणूनच नव्या रँग्लरसाठीही जोड कायमचा लावून टाकणारी किट अमेरिकेत लगेच विक्रीला आली. २०२१ पासून रँग्लरची जुळणी पुण्याजवळ रांजणगावात होते, तेव्हा ही चर्चा इथेही येणार. वॉरंटी चालू असेपर्यंत त्या ॲक्सलला हात लावण्यात अर्थ नाही. वॉरंटी संपल्यावर आणि गाडी खरोखर रानात जात असेल तर आधी मोटरचा कनेक्टर उघडून गंज बघावा, कॉलर मोकळी सरकते का ते बघावं, आणि मगच किटची चौकशी करावी.