पीटर्सबर्गच्या ‘श्वेतरात्री’ आणि उचललेले पूल
जूनमध्ये सेंट पीटर्सबर्गला सूर्य मावळतच नाही, रात्रभर खुशाल भटका, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. मावळतो की! शहर ६० अंश उत्तरेला, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्या बरंच खाली. सूर्य क्षितिजाखाली फार उतरत नाही, म्हणून रात्रभर संधिप्रकाश रेंगाळतो, याच त्या ‘श्वेतरात्री’, इतकंच. मध्यरात्रीचा सूर्यच हवा तर आर्क्टिक वृत्ताच्या वरचं मुरमान्स्क शहर गाठा.

खरी गोची वेगळीच आहे. जहाजांसाठी नेवा नदीवरचे पूल रात्री एकनंतर उचलतात, मेट्रोही तोवर बंद झालेली असते. राजवाडा पुलाचे दोन पंख वर जाताना फोटो झकास येतात. पण हॉटेल पलीकडे वासिल्येव्स्की बेटावर असेल, तर पहाटेपर्यंत ताटकळा, नाहीतर टॅक्सीने टोलच्या महामार्गाचा लांबलचक वळसा घ्या. त्यापेक्षा खोली नेव्स्की प्रॉस्पेक्ट या मुख्य रस्त्याच्या बाजूला घेतलेली बरी. आणि जाकीट ठेवा. जून असला तरी नदीवरचा वारा बोचतो.