'मॅनिफेस्ट डेस्टिनी' कॉमिकची पार्श्वभूमी: जेफरसनचे मॅमथ आणि लुईसची कोरी पानं

राष्ट्राध्यक्ष जेफरसनने लुईस आणि क्लार्क या दोन कॅप्टनांना १८०४ ते १८०६ मध्ये अमेरिकेची अनोळखी पश्चिम धुंडाळायला पाठवलं, त्या मोहिमेत राक्षस सोडलेत असं हे कॉमिक, २०१३ ला सुरू झालं, २०२२ ला ४८ व्या अंकावर संपलं, म्हणजे गोष्ट पूर्ण आहे, अधांतरी लटकवून ठेवलेली नाही. कोणी सुचवलं की सोबत एकच वाक्य येतं, "इतिहास आहे पण मॉन्स्टर टाकलेत". मला ते पटत नाही. मॉन्स्टर मोहिमेच्या डोक्यात आधीपासूनच होते, कॉमिकवाल्यांनी एवढंच केलंय की ते खरे निघाले तर काय, असं धरून चाललेत. लुईझियाना खरेदी (अमेरिकेने फ्रान्सकडून पश्चिमेचा मुलूख विकत घेतला ती), मिसूरी नदीवरून पॅसिफिकपर्यंतचा रस्ता वगैरे शाळेच्या पुस्तकातलं इथे परत सांगत नाही.

सुरुवात खरंतर एका भांडणापासून. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या एका मोठ्या निसर्गशास्त्रज्ञाने लिहून टाकलं होतं की अमेरिकेतली जनावरं युरोपातल्यापेक्षा लहान आणि मरतुकडी असतात, तिकडची हवाच तशी. हे जेफरसनला इतकं झोंबलं की पॅरिसमध्ये राजदूत असताना त्याने १७८७ ला अमेरिकेतून अख्ख्या मूसची हाडं आणि कातडं मागवलं, बघा म्हणे आमच्याकडचं हरीण. पण खरा हुकमाचा पत्ता होता मॅमथ, हत्तीसारखं प्राचीन जनावर. ओहायो नदीच्या बाजूला अवाढव्य हाडं सापडत होती आणि जेफरसनचं ठाम मत होतं की निसर्ग आपली कुठलीच जात पूर्ण नाहीशी होऊ देत नाही. मग हाडं इथे आहेत म्हणजे जिवंत जनावर तिकडे पश्चिमेला कुठेतरी चरत असणारच! १७९७ मध्ये तो मोठ्या नख्यांच्या एका प्राण्याबद्दल लिहीत होता, आधी त्याला तो सिंहाच्या जातीचा वाटला, सिंहाहून कितीतरी मोठा, निघाला जमिनीवरचा स्लॉथ, म्हणजे एक संथ शाकाहारी प्राणी.

२० जून १८०३ ला लुईसला दिलेल्या लेखी सूचनांमध्ये हे आलंय. जनावरांची नोंद करा, आणि जी दुर्मिळ किंवा नाहीशी झालेली मानली जातात त्यांचे अवशेष आणि त्यांच्याबद्दल काय ऐकायला मिळतं तेही टिपा. म्हणजे कॉमिकमध्ये राष्ट्राध्यक्ष "तिकडे काय राहतं ते बघून या" अशी गुप्त ऑर्डर देतो ती गुप्त नव्हतीच, फक्त भाषा सभ्य होती. त्याच वर्षी त्याने काँग्रेसला जो अहवाल दिला त्यात मिसूरीच्या वरच्या अंगाला १८० मैल लांब आणि ४५ मैल रुंद मिठाचा डोंगर आहे असं होतं, विरोधी पेपरवाल्यांनी त्याची यथेच्छ टर उडवली. वेल्श (ब्रिटनमधल्या वेल्सची भाषा) बोलणाऱ्या गोऱ्या इंडियन, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या, टोळीची अफवाही जोरात होती, आणि मिसूरीकाठच्या मंडन टोळीच्या लोकांपर्यंतचा जो नकाशा या मोहिमेने वापरला तो त्याच टोळीच्या शोधात गेलेल्या एका वेल्श माणसाचा होता.

आता प्रवासातली दोन ठिकाणं, ही माझी आवडती.

पहिलं, २५ ऑगस्ट १८०४. आजच्या साउथ डकोटात व्हर्मिलियनजवळ सपाट गवताळ माळावर एक एकटं टेकाड आहे. आजूबाजूच्या टोळ्या तिकडे फिरकत नसत कारण तिथे जेमतेम वीतभर-दोन वीत उंचीची, मोठ्या डोक्यांची भुतं राहतात, हातात धारदार बाण, जवळ जाईल त्याला मारतात असं सगळे सांगायचे. दोघं कॅप्टन मुद्दाम नदी सोडून भर उन्हात चालत गेले. लुईसचा कुत्रा उन्हाने इतका हैराण झाला की त्याला अर्ध्यातून परत पाठवावं लागलं. वर भुतं नाहीत, पक्ष्यांचे थवे. क्लार्कने लगेच कारण लावलं की माळावरचा वारा किडे या टेकाडाकडे ढकलतो, आडोशाला किडे साठतात म्हणून पक्षी जमतात आणि तेच बघून लोकांना वाटतं इथे काहीतरी आहे. कॉमिकचा साचा हाच आहे, फक्त तिथे कारण लावणारा तोंडघशी पडतो.

दुसरं, १४ जून १८०५, ग्रेट फॉल्सच्या, म्हणजे मिसूरीवरच्या मोठ्या धबधब्यांच्या, परिसरात. लुईस एकटा. त्याने रानरेडा (बायसन) मारला आणि तो कोसळायची वाट बघत बंदूक परत भरायची राहिली, मागे वळतो तर वीस पावलांवर ग्रिझली. झाड नाही, झुडूप नाही, पळत जाऊन कमरेएवढ्या पाण्यात उभा राहिला आणि हातातला भाला रोखला, तर अस्वल स्वतःच वळून पळालं, का ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. थोडं पुढे बिळाशी दबा धरून बसलेलं पिवळट वाघासारखं काहीतरी. त्याच्यावर गोळी झाडली, ते बिळात गडप. मग कळपातून तीन रेडे सुटून थेट अंगावर. संध्याकाळी त्याने लिहिलंय की आसपासच्या सगळ्या जनावरांनी मिळून आपल्याविरुद्ध कट केलाय असं वाटलं, आणि हे सगळं स्वप्न असेल असंही, पण पायात निवडुंगाचे काटे घुसत होते म्हणून खात्री पटली. कॉमिकचा एक अख्खा अंक यात बसतो आणि एक अक्षर बनावट नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, कारण कॉमिकची सगळी मदार यावर आहे. तिथे लुईस दोन डायऱ्या लिहितो, एक जगाला दाखवायची आणि एक खरी. ही कल्पना हवेतून आलेली नाही. खऱ्या लुईसच्या रोजनिशीत प्रचंड मोठी भगदाडं आहेत. १४ मे १८०४ ला मोहीम निघाली पण लुईसचं सलग लिखाण सुरू होतं ७ एप्रिल १८०५ ला, मंडन लोकांच्या शेजारचा हिवाळी तळ सोडताना. आधीच्या जवळपास अकरा महिन्यांची नुसती फुटकळ पानं. मग ऑगस्ट १८०५ च्या शेवटी परत थांबतो तो थेट १ जानेवारी १८०६ ला सुरू होतो. म्हणजे बिटररूट डोंगरात उपासमार झाली, समुद्र पहिल्यांदा दिसला, हे सगळं आपल्याला मुख्यतः क्लार्ककडून कळतं. क्लार्क मात्र जवळजवळ रोज लिहितोय, स्पेलिंगची वाट लावत पण लिहितोय.

यावर अभ्यासकांत दोन तट. एक तट म्हणतो पानं होती, हरवली. याला आधार अगदीच नाही असं नाही, १४ मे १८०५ ला ज्या बोटीत कागद आणि उपकरणं होती तीच वादळात कलंडली, सुकाणूवरचा माणूस घाबरून देवाचा धावा करत बसला आणि त्याची इंडियन बायको सॅकगविया (तिच्याबद्दल पुढे) शांतपणे तरंगणाऱ्या वस्तू गोळा करत होती. पण ही बोट कलंडली तोवर लुईस सलग लिहायला लागला होता, आणि पाण्यात वर्षभराची डायरी गेली असती तर त्याने त्याचा उल्लेखही केला नसता? हे मला पचत नाही. दुसरा तट म्हणतो त्याने लिहिलंच नाही, म्हणजे मन खचलं होतं, किंवा दोघांनी कामं वाटून घेतली असतील. मला हे जास्त पटतं कारण नंतरचं वागणं तसंच आहे. २३ सप्टेंबर १८०६ ला मोहीम सेंट लुईसला परतली, त्यानंतर तीन वर्षं लुईसच्या मोहिमेवरच्या ग्रंथाच्या नुसत्या जाहिराती. ऑक्टोबर १८०९ ला टेनेसीतल्या एका खानावळीत गोळ्या लागून तो गेला तेव्हा फिलाडेल्फियाच्या प्रकाशकाने जेफरसनला कळवलं की त्याने हस्तलिखिताची एक ओळसुद्धा दिलेली नाही. आत्महत्या की खून हा वाद वेगळा, क्लार्क आणि जेफरसन दोघांनाही आत्महत्येचं नवल वाटलं नव्हतं, ज्यांना खून हवाय त्यांनी तो बराच नंतर आणला असं माझं मत.

तरी "हरवली" वाले गप्प बसत नाहीत कारण १९५३ मध्ये मिनेसोटात सेंट पॉलला एका घराच्या माळ्यावर क्लार्कची कच्ची टिपणं खरोखर सापडली. सरकारने त्यावर हक्क सांगून कोर्टात दावा लावला आणि हरलं, शेवटी ती येल विद्यापीठात गेली. माळ्यावरून क्लार्क निघू शकतो तर लुईस का नाही? या "का नाही" मध्ये कॉमिक घुसतं.

बाकीचे संदर्भ नंतरच्या काळातले, आणि कॉमिक त्यांच्यावरच जास्त वार करतं. नावातला "मॅनिफेस्ट डेस्टिनी" (अमेरिकेने पश्चिमेकडे पसरणं हे ठरलेलंच नशीब आहे असा दावा) हा शब्दप्रयोग १८४५ चा, टेक्सास जोडून घ्यायच्या वादातला, म्हणजे मोहिमेनंतर चाळीसेक वर्षांनी आला. लुईसने तो कधी ऐकलाच नाही. कॉमिकमध्ये वाटेत जागोजागी ज्या प्रचंड कमानी लागतात त्या बघून सेंट लुईसची गेटवे आर्च आठवली नाही तरच नवल, ती १९६५ ला पूर्ण झाली, ६३० फूट, पश्चिमेकडच्या विस्ताराचं स्मारक म्हणून. त्या जागेसाठी नदीकाठची जुनी वस्ती चाळीसेक ब्लॉक भुईसपाट केली होती. विजयाची कमान कॉमिकमध्ये सापळ्याचं दार होते, हा चावटपणा मला फार आवडला.

सॅकगवियाचंही तेच. खरी मुलगी १६ च्या आसपासची, मोहिमेला मंडन तळावर भेटली, ११ फेब्रुवारी १८०५ ला बाळंत झाली आणि ते बाळ घेऊन पॅसिफिकपर्यंत गेली. पुढे मताधिकार मागणाऱ्या बायकांनी तिला उचलून धरलं, १९०५ ला पोर्टलंडमध्ये पुतळा, २००० साली डॉलरच्या नाण्यावर. कॉमिकमध्ये ती आधीच येते, ला शारेतला, आणि मारामारीत सगळ्या सोल्जरांना भारी पडते. खरं ला शारेत म्हणजे मिसूरीवरची शेवटची गोरी वस्ती, सात घरं, तिथे कॉमिकवाल्यांनी माणसांची झाडं केलीत. गरोदर बाईला तलवारबाज दाखवणं काहींना अति वाटतं, पण शंभरावर वर्षं बोट दाखवत उभी राहिलेली वाटाडी तरी कुठे खरी होती? तिच्या बाळावरून पुढे जे चालतं ते सांगत नाही, वाचा.

यॉर्कबद्दल मात्र मला कॉमिकपेक्षा इतिहासच जास्त भयानक वाटतो. क्लार्कचा गुलाम, पूर्ण प्रवास केला, २४ नोव्हेंबर १८०५ ला हिवाळा कुठे काढायचा यावर सगळ्यांची मतं नोंदवली त्यात त्याचंही आणि सॅकगवियाचंही आहे, अमेरिकेत हा प्रसंग फार कौतुकाने सांगतात. परत आल्यावर त्याने स्वातंत्र्य मागितलं, क्लार्कने दिलं नाही, बायको लुइव्हिलला आहे तिकडे राहू दे म्हणाला तर तेही क्लार्कच्या जिवावर आलं. क्लार्कने भावाला लिहिलेली पत्रं १९८८ ला उजेडात आली, त्यात मी त्याला चोपला हे तो स्वतः सांगतो. २००१ मध्ये यॉर्कला मरणोत्तर मानद सार्जंट केलं.

घ्यायचं असेल तर सुटे अंक शोधत बसू नका, एकत्र खंड मिळतात. पहिल्या खंडात चिखल, झाडपाला, रेड्याच्या डोक्याची माणसं आणि शिव्या भरपूर, दुसऱ्यात नदीतला अजस्र बेडूक. रक्तपात दणकून आहे, घरातल्या शाळकरी पोरांच्या हाती देण्यासारखं नाही. मध्ये एक-दोन खंड रेंगाळतात. आणि मोहिमेच्या खऱ्या रोजनिश्या नेब्रास्का विद्यापीठाच्या साइटवर फुकट आहेत, पहिला खंड झाला की तिथे १४ जून १८०५ उघडा.